लीग की युनियन? रग्बीवर पोट भरायचं असेल तर

लांबून रग्बीचे हे दोन्ही प्रकार सारखेच दिसतात: लंबगोल चेंडू, चिखल, धडकाधडकी. पण ही घरं फुटली तीच मजुरीवरून. उत्तर इंग्लंडमधले खाणी-गिरण्यांतले खेळाडू शनिवारच्या सामन्यासाठी खाडा करत. बुडालेला रोज क्लबने द्यावा, ही मागणी फेटाळली गेली आणि १८९५ साली हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वेगळी चूल मांडली गेली. तीच पुढे लीग. मूळ घर म्हणजे युनियन; तिथे राजरोस पगार मिळायला १९९५ उजाडलं.

आधी अंगकाठी बघा. लीगमध्ये १३ जण. सहा टॅकलमध्ये (चेंडूवाल्याला धरून पाडणं) काम झालं नाही तर चेंडू समोरच्यांचा. त्यामुळे पळणं, आदळणं, उठून पुन्हा बचावाला लागणं कुणालाच चुकत नाही. युनियनमध्ये १५ जण. तिथे स्क्रमसाठी (खांदे भिडवून होणारी रेटारेटी) आडवा-दणकट आणि लाइनआउटसाठी (बाहेर गेलेला चेंडू आत फेकल्यावर उंच झेलणं) ताडमाड, दोघांनाही हक्काची जागा. दुखापतींत मात्र डावं-उजवं करता येणार नाही.

सिडनीच्या पश्चिमेला राहत असाल (पॅरामॅटा, हॅरिस पार्ककडे मराठी घरं आहेतच) तर लीग अंगणातच आहे. पॅरामॅटा आणि पेनरिथ या एनआरएलमधल्या (ऑस्ट्रेलियातली मुख्य लीग स्पर्धा) दोन क्लबांची मुलांची फळी तिथेच घडते. युनियनची वाट तिथे बरीचशी महागड्या खासगी शाळांतून जाते. उलट, जग बघायचं असेल तर युनियन. फ्रान्स, आयर्लंड, जपान, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे पगारी संघ आहेत. लीगमधली नोकरी मुख्यतः एनआरएल नाहीतर उत्तर इंग्लंडची सुपर लीग.

‘आधी हे, मग ते’ जमेल का? विंगर (कडेने पळणारा) किंवा फुलबॅक (सर्वांत मागचा) असाल तर जमतं. विगन या लीग क्लबचा जेसन रॉबिन्सन २००० मध्ये युनियनला गेला आणि २००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवले). फॉरवर्डचं (पुढच्या फळीतल्या धडकणाऱ्याचं) अवघड. सॅम बर्जेसने २०१४ ची एनआरएल फायनल गालाचं हाड मोडलेलं असताना खेळून जिंकली. युनियनमध्ये बाथ क्लबने त्याला फ्लँकर (फॉरवर्डमधली जागा) केलं, इंग्लंडने सेंटर (मागच्या फळीतली जागा). वर्षभरातच तो सिडनीला परतला. न्यूझीलंडच्या सोनी बिल विल्यम्सने दोन्हीकडे राज्य केलं, पण तो अपवाद. त्याच्याकडे बघून बेत आखू नका.

माझं मत विचाराल तर पश्चिम सिडनीतल्या चपळ पोराने आधी लीगच धरावी. मुंबईत हा प्रश्नच उद्भवत नाही: बॉम्बे जिमखान्यावर खेळतात ती युनियन, आणि ऑलिम्पिकमधलं सात-सात जणांचं सेव्हन्स तिचंच धाकटं भावंड.