लिलावातल्या वस्तूसाठी खासगी ऑफर द्यावी, की बोली लावून थांबावे?

ऑनलाइन लिलावात मांडलेली एखादी वस्तू मनात भरली आणि लिलाव संपायला अजून चार-पाच दिवस असले, की खरेदीदारापुढे दोन मार्ग असतात. विक्रेत्याला निरोप पाठवून ‘इतके देतो, लिलाव बंद करून वस्तू मला द्या’ असे विचारता येते, किंवा आपली कमाल रक्कम ठरवून बोली लावता येते आणि मुदत संपेपर्यंत थांबता येते. बहुतेक जण या दोहोंची तुलना कोणता मार्ग स्वस्त पडेल एवढ्यापुरतीच करतात. माझ्या मते मात्र किमतीचा विचार करण्याआधी त्या वस्तूवर कुणाची बोली पडली आहे का, हे पाहायला हवे, कारण शिष्टाचाराचा निम्म्याहून अधिक प्रश्न तिथेच सुटतो.

बोली पडलेली नसेल, तर व्यवहारात फक्त तुम्ही आणि विक्रेता असता. अशा वेळी ऑफर देण्यात काहीही गैर नाही. एकदा कुणी बोली लावली, की तिसरी व्यक्ती त्यात येते. जाहीर झालेल्या अटींवर विश्वास ठेवून तिने आपली रक्कम बांधून घेतलेली असते, आणि तिच्या पाठीमागे लिलाव गुंडाळायला सांगणे म्हणजे विक्रेत्याला शब्द मोडायला सांगणे होय. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या रचनेतही हाच विचार दिसतो. तिथे लिलावाला ‘बाय इट नाऊ’ (ठरावीक किमतीला लगेच खरेदी) किंवा ऑफरचा पर्याय जोडलेला असला, तरी पहिली बोली पडल्यावर तो सहसा नाहीसा होतो. शेवटच्या 12 तासांत बोली असताना विक्रेत्याला लिलाव लवकर संपवायचा असेल, तर सर्वाधिक बोली लावणाऱ्यालाच वस्तू विकावी लागते. त्याआधी बोली रद्द करून लिलाव थांबवण्याची मुभा आहे, पण मुभा आहे म्हणून ती आपल्यासाठी वापरायला सांगणे सभ्यपणाचे ठरत नाही.

आता किमतीकडे वळू. बोलीचा मार्ग अनेकांना महागडा वाटतो, आणि तिथेच त्यांचा हिशेब चुकतो. ईबेसारख्या स्वयंचलित बोलीच्या पद्धतीत, म्हणजे तुमच्या मर्यादेपर्यंत संकेतस्थळच तुमच्या वतीने गरजेपुरती बोली वाढवते तिथे, तुम्ही तुमची मर्यादा 100 अशी नोंदवलीत आणि तुमच्या खालच्या स्पर्धकाची मर्यादा 60 असली, तर तुम्हाला 100 नव्हे, तर 60 च्या वर एक टप्पा एवढेच द्यावे लागतात. अर्थशास्त्रज्ञ विल्यम विकरी यांनी 1961 साली अभ्यासलेल्या, जिंकणाऱ्याने दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी किंमत देण्याच्या लिलावाशी ही पद्धत बरीच मिळतीजुळती आहे. तिचा खरा फायदा असा, की तुमची मर्यादा विक्रेत्याला कळत नाही. ऑफरमध्ये नेमके उलटे घडते. तुम्ही 80 म्हणालात, की या वस्तूचे 80 द्यायला तयार असलेला माणूस अस्तित्वात आहे, हे विक्रेत्याला पहिल्याच दिवशी समजते. मग तो ऑफर नाकारून निश्चिंतपणे लिलाव चालू ठेवतो. थोडक्यात, बोली तुमचा आकडा झाकून ठेवते आणि ऑफर तो उघड करते.

तरीही ऑफर कधी कधी पटकन स्वीकारली जाते, आणि त्यामागचे कारण थोडे अवघडच आहे. लिलावात अखेरपर्यंत शांतता असणे नेहमीचेच. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या अर्थशास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिले होते, की ठरल्या क्षणी बंद होणाऱ्या ईबेच्या लिलावांत शेवटच्या घटकेला बोली लावणारे बरेच असत, तर अखेरची बोली आल्यास मुदत वाढवणाऱ्या ॲमेझॉनच्या तेव्हाच्या लिलावांत हा प्रकार पुष्कळ कमी होता. नवख्या विक्रेत्याला ही शांतता म्हणजे मागणीच नाही असे वाटते, आणि अशा वेळी आलेली बेताची ऑफर त्याला मोठी भासते. वस्तूचे मोल विक्रेत्यापेक्षा तुम्हाला चांगले ठाऊक असेल, तर तेवढी माहिती त्याला द्यायला तुम्ही बांधील नाही. पण ‘याला कुणी गिऱ्हाईक मिळणार नाही’ असे सांगून त्याला घाबरवणे हा सरळ खोटेपणा आहे.

ऑफरच द्यायची ठरवली, तर ती संकेतस्थळाच्या अधिकृत पर्यायातूनच द्यावी. ‘बाहेर व्यवहार करू, शुल्क वाचेल’ हा निरोप ईबेच्या नियमांत बसत नाही, आणि तिथल्या खरेदी-संरक्षणाचा लाभ अशा व्यवहाराला मिळत नाही. वस्तू आली नाही, तर दाद मागायला जागाच उरत नाही. ऑफरचा पर्याय दिलेलाच नसेल, तर ‘आपण ऑफर घेता का?’ असे एकदा विचारण्यास हरकत नाही. ‘शेवटची किंमत सांगा’ असे मात्र विचारू नये, कारण आकडा सांगण्याची जबाबदारी विचारणाऱ्याची असते. आकडा असा असावा, की तो मान्य झाला तर त्याच दिवशी पैसे भरता येतील. ईबेवर दिलेली ऑफर ठरावीक काळ उभी राहते आणि विक्रेत्याने ती स्वीकारली, की खरेदीदाराला बंधनकारक असते, म्हणून एकसारख्या चार वस्तूंवर चार ऑफर टाकून ठेवणे धोक्याचेही आहे आणि अशिष्टही. अगदी क्षुल्लक आकड्याने सुरुवात करण्याची सवयही इथे फारशी कामाची नाही, कारण ठरावीक रकमेखालच्या ऑफर आपोआप नाकारण्याची सोय विक्रेत्याकडे असते. नकार आला, तर आभार मानून गप्प राहावे. त्यानंतर त्याच वस्तूवर बोली लावण्यात कमीपणा नाही.

निर्णयापुरते सांगायचे, तर बोली नसलेली आणि तुम्हाला ठरावीक तारखेपर्यंत हवीच असलेली वस्तू ऑफरसाठी योग्य. विक्रेत्यालाही लवकर मोकळे व्हायचे असेल, तर दोघांचेही काम होते. बोली पडली असेल, किंवा तीच वस्तू पुन्हा पुन्हा बाजारात येत असेल, तर मर्यादा ठरवून बोली लावावी आणि विसरून जावे. राखीव किंमत (जिच्याखाली वस्तू विकायची नाही अशी विक्रेत्याची गुप्त किमान किंमत) असलेल्या लिलावात ती किती आहे, असे विचारलेले चालते. न सांगणेही तितकेच रास्त.

लिलाव वस्तू न विकता संपला, तर ऑफरला त्याहून स्वच्छ वेळ नाही, कारण तेव्हा कुणाचाही हक्क डावलला जात नाही. तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर राहिलात आणि विक्रेत्याकडून ‘सेकंड चान्स ऑफर’, म्हणजे न जिंकलेल्या बोलीदाराला वस्तू देऊ करणारा प्रस्ताव, आली, तर तिच्यातली किंमत तुमच्याच सर्वाधिक बोलीची असते. जिंकणाऱ्याने पैसे न भरल्यामुळे ती आली असेल, तर काही वावगे नाही. मात्र तुमचा आकडा वर नेणारी बोली विक्रेत्याच्याच कुणा ओळखीच्याने लावली असावी, अशी शंका आली, तर ती ऑफर मुकाट्याने सोडून द्यावी आणि बोलींचा इतिहास जोडून संकेतस्थळाकडे तक्रार करावी.