कोकण किनाऱ्यावर टीजी-६: दारांची निगा आणि पावसाळी हिरव्याचा इलाज

कोकणात कॉम्पॅक्ट कॅमेरा बिघडतो तो बहुतेक वेळा लेन्सपाशी. चालू केला की नळी बाहेर येते, फटीत वाळूचा कण जातो, नळी आत जाताना गिअर अडकतो आणि पडद्यावर लेन्स एरर येते. ऑलिंपसच्या टफ टीजी-६ ला अशी नळीच नाही. २५ ते १०० मिमीच्या तोडीचा झूम अंगातल्या अंगात सरकतो आणि पुढची काच कायम बंद असते. देवबाग, गणपतीपुळे, आरे-वारे इथल्या वाळूत आणि खाऱ्या वाऱ्यात वापरायला इतका योग्य छोटा कॅमेरा क्वचितच सापडेल. मॉडेल २०१९ चं, १२ मेगापिक्सेलचं, वजन २५३ ग्रॅम, पाण्यात १५ मीटरपर्यंत चालणारं. २०२३ मध्ये टीजी-७ आला, त्यात यूएसबी-सी मिळतं. चित्राच्या दर्जात मात्र मोठा फरक नाही. म्हणून चांगल्या अवस्थेतला जुना टीजी-६ आजही घ्यावा असाच आहे.

पण हा कॅमेरा जलरोधक आहे तो त्याच्या दोन दारांच्या जोरावर. खालच्या दारात बॅटरी आणि कार्ड, बाजूच्या दारात चार्जिंग आणि एचडीएमआय. दोन्हींच्या कडेला रबरी सील असते. पाणी शिरल्याच्या तक्रारींचं मूळ बहुधा इथेच सापडतं: सीलवर अडकलेला केस, टॉवेलचा धागा, वाळूचा एखादा दाणा. एका केसाइतकी फट राहिली तरी खोल पाण्याचा दाब तिथून पाणी आत ढकलतो. म्हणून पाण्यात उतरण्याआधी दार उजेडाकडे धरून सीलवरून नजर फिरवावी, धागे न सोडणाऱ्या कोरड्या कापडाने पुसावं, आणि दार लावल्यावर लॉकही सरकवावं. दार नुसतं बंद करणं आणि लॉक करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सील दर वर्षी सर्व्हिस सेंटरमधून बदलून घ्यावीत असं कंपनीच सांगते. खाऱ्या हवेत हा खर्च टाळू नये. किनाऱ्यावर, होडीत, ओल्या हातांनी दार उघडायचंच नाही. तिथल्या तिथे फोटो हवे असतील तर वाय-फायवरून फोनवर घ्यावेत.

समुद्रातून बाहेर आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्याच्या बादलीत १० मिनिटं बुडवून ठेवावा. पाण्यातच प्रत्येक बटण आणि झूमचा खटका दहा-वीस वेळा दाबून-फिरवून घ्यावा. बटणं घट्ट होण्याचं कारण आत सुकलेलं मीठ असतं. ते वेळेत विरघळलं की बटण मोकळं होतं, महिनाभर साठलं तर नाही. पुढची काच कोरडी पुसू नये. तिच्यावर बारीक वाळू असते आणि पुसताना तीच ओरखडे पाडते. आधी पाणी, मग कापड. आणखी एक: हा कॅमेरा पाण्यावर तरंगत नाही, सरळ तळाला जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंगला नेताना तरंगणारा पट्टा हवाच.

काचेवर धुकं येतं ते दोन प्रकारचं. एसी खोलीतून बाहेरच्या दमट हवेत आल्यावर बाहेरून धरणारं धुकं निरुपद्रवी असतं. झिपलॉक पिशवीत ठेवूनच बाहेर आणावा, १५-२० मिनिटांत कॅमेरा हवेच्या तापमानाला येतो. आतून धरणारं धुकं म्हणजे दमट हवेत दार उघडून तीच हवा आत कोंडली गेली आहे. थंड पाण्यात जाताच तिच्यातली वाफ काचेला चिकटते. त्यावर उपाय असा: एसी खोलीत दोन्ही दारं उघडावी, बॅटरी आणि कार्ड काढावं, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवावा. हेअर ड्रायर कधीही मारू नये, सील आणि आतला गोंद दोन्ही उष्णतेने सैल होतात. बॅटरीच्या टोकांवर पांढरा किंवा हिरवट थर दिसला तर मात्र हे धुकं नव्हे, खारं पाणी आहे. मग चार्जिंगला न लावता थेट दुरुस्तीला न्यावा. पावसाळ्यात एरवीही तो डब्यातच ठेवावा. डब्यात छोटं हायग्रोमीटर (दमटपणा मोजणारं) असावं आणि काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहावा. ६५ च्या वर लेन्सला बुरशी धरण्याची धास्ती असते.

कॅमेरा बंद असूनही सकाळपर्यंत बॅटरी संपते, अशी तक्रार नेहमी येते. दोष बॅटरीचा असेलच असं नाही. वरच्या बाजूला LOG लिहिलेला खटका आहे. तो चालू राहिला तर कॅमेरा बंद असतानाही जीपीएस रस्त्याची नोंद करत राहतो. खटका मागे घेतला की प्रश्न सुटतो.

आता चित्राबद्दल. सेन्सर छोटा आहे, १/२.३ इंचाचा, आणि त्याची मर्यादा सगळ्यात आधी पांढऱ्यात दिसते: लाटांचा फेस, पावसाळी आभाळ, पांढरी शिडं. एकदा पांढरं फुटलं, म्हणजे त्यातला तपशील जळून गेला, की रॉ फाइलमधूनही (सेन्सरची कच्ची नोंद) परत येत नाही. म्हणून उजेडात एक्स्पोजर −०.३ ते −०.७, आयएसओची (सेन्सरच्या संवेदनशीलतेची) वरची मर्यादा १६००, आणि रॉ + जेपीजी. जेपीजीसाठी पिक्चर मोड नॅचरल, शार्पनेस −१ किंवा −२, नॉइज फिल्टर लो. मूळ सेटिंगवर पानांची बारीक जाळी पुसली जाऊन नुसता हिरवा लेप उरतो. वाइडला दिसणारं एफ/८ हे खरं छिद्र नव्हे, त्यात एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच) मध्ये येतो. त्यामुळे चित्राची खोली, म्हणजे पुढून मागपर्यंत स्पष्ट दिसणारा पट्टा, वाढत नाही; फक्त उजेड कमी होतो आणि शटर जास्त वेळ उघडं राहतं. ओढ्याचं पाणी पसरट हवं असेल तर त्याचाच उपयोग: ए मोड (छिद्र आपण ठरवायचं), एफ/८, आयएसओ १००, कॅमेरा दगडावर टेकवलेला. शटर प्रायॉरिटी आणि मॅन्युअल मोड यात नाहीत, ही खरी उणीव आहे.

पावसाळी कोकणाचे फोटो बिघडतात ते हिरव्यामुळे. कॅमेरा हिरव्याला पिवळ्याकडे ढकलतो आणि भात, तेरडा, करवंदीची जाळी सगळं एकाच झगमगत्या रंगाचं दिसतं. लाइटरूम या फोटो सुधारण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये हिरव्याचा ह्यू (रंगछटा) +१० ते +२०, सॅच्युरेशन (रंगाचा गडदपणा) −१५ ते −२५, पिवळ्याचं सॅच्युरेशन −१०. व्हाइट बॅलन्स ऑटोवर न सोडता ६००० केल्विनच्या आसपास. ओल्या जांभ्याचा तांबडा रंग फिका वाटत असेल तर नारिंगीची ल्युमिनन्स (उजळपणा) −१० करावी, त्याने भिंतींना वजन येतं. चित्रात माणसं असतील तर हे करू नये, चेहरे काळवंडतात. डिहेझ (धूसरपणा काढणारा स्लायडर) १०-१५ च्या पुढे नेलं की आभाळात दाणे उठतात. शार्पनिंग ४०, रेडियस ०.८, मास्किंग ६० च्या आसपास, म्हणजे आभाळ वगळून फक्त कडा धारदार होतात. डार्कटेबल हे तसंच सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्यातल्या प्रोफाइल्ड डीनॉइजने (दाणे कमी करणाऱ्या साधनाने) आयएसओ ८०० ची फाइल चांगली सावरते. पण बारसू किंवा देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं भर दुपारी टिपली तर कुठलाही स्लायडर उपयोगाचा नाही. उथळ रेघा तिरप्या उजेडातच दिसतात, सकाळी किंवा संध्याकाळी.

पाण्याखाली लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो. अंडरवॉटर मोडचा व्हाइट बॅलन्स लावावा आणि फ्लॅश बंद ठेवावा, नाहीतर गढूळ पाण्यातला प्रत्येक कण पांढरा ठिपका होतो. विषय हाताच्या अंतरात असावा; पाण्याचा थर जितका पातळ, तितका रंग खरा.

या कॅमेऱ्याचं खरं वैभव मायक्रोस्कोप मोड. १ सेंमीवर फोकस होतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर (कातळाच्या पठारावर) सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती फुलतात, तेव्हा दवबिंदूच्या केसांवरचे चिकट थेंब एकेक करून दिसतात, आणि थेंबात आभाळ. इतक्या जवळ कॅमेऱ्याचीच सावली पडते. एलजी-१ ही कडी लेन्सभोवती बसवली की पुढचा एलईडी तिच्यातून गोल पसरतो. फोकस स्टॅकिंगने (वेगवेगळ्या फोकसचे फोटो एकत्र जोडून) खोली मिळते, पण वारा असेल तर थेंब दुहेरी होतात आणि जोडलेलं चित्र जेपीजीच येतं. ओहोटीच्या डबक्यांसाठी सीएलए-टी०१ अडॅप्टर घ्यावा, त्यावर ४०.५ मिमीचा पोलरायझर बसतो आणि पाण्यावरची चमक जाते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब हटतं, तेव्हा जावं.

सेकंडहँड घेताना दोन्ही दारं उघडून सील बोटाने हलके दाबून पाहावं: कडक किंवा चीर गेलेलं नको. पुढच्या काचेमागे टॉर्च मारून बुरशीचे धागे शोधावे, बॅटरीची टोकं चकचकीत आहेत का बघावं. आणि पाण्यात चालतो हे विकणाऱ्याचं म्हणणं सील बदलल्याची पावती नसेल तर धरू नये. आधी सील बदलून घ्यावं, मगच पाण्यात न्यावा.