विकतचे पाकीट की घरचा डबा: सोलापूरच्या घरांसाठी एक तुलनात्मक आढावा

प्रक्रिया केलेले पदार्थ कमी करायचे असे घरात ठरले की दोन मार्ग समोर येतात. दुकानात पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचायची आणि त्यातल्या त्यात बरे ते निवडायचे, हा पहिला. पीठ, मसाले, चटण्या, मुलांचा खाऊ असे सगळे घरीच करायचे, हा दुसरा. यांपैकी एकच मार्ग सरसकट सगळ्या पदार्थांना लावला की तो फार दिवस टिकत नाही, कारण घरी करण्याला लागणारा वेळ सगळ्यांजवळ सारखा नसतो आणि पाकिटावर लिहिलेले सगळेच वाईट असते असेही नाही. म्हणून निर्णय संपूर्ण घराचा एकदम न घेता एकेका पदार्थाचा घ्यावा, असे माझे मत आहे. जो पदार्थ रोज पोटात जातो आणि ज्याच्या पाकिटात आपल्या स्वयंपाकघरात कधीच नसणाऱ्या वस्तू आहेत, तो आधी घरी सुरू करावा. ज्या पाकिटात निवडणे, दळणे, भाजणे, कुटणे एवढे आपलेच काम दुसऱ्याने करून दिलेले आहे, ते विकत घ्यायला हरकत नाही. हा फरक ओळखायचा तर लेबल वाचता आले पाहिजे.

लेबल किती सांगते

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वांत जास्त ते सर्वांत आधी, त्यामुळे पहिली तीन नावे वाचली तरी पदार्थाचा पिंड कळतो. मात्र साखर येथे अनेक नावांनी येते. शुगर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज अशी ती वेगवेगळी लिहिली गेली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकते आणि एकूण साखर किती हे नजरेत भरत नाही. अशा वेळी पोषणमूल्यांच्या तक्त्यातील ‘अॅडेड शुगर’ ही ओळ पाहावी.

त्याच तक्त्यात दिवसाच्या गरजेच्या किती टक्के भाग एका वाढपातून (‘सर्व्हिंग’मधून) मिळतो हेही लिहिलेले असते. हे टक्के काढताना दिवसाला 2000 किलोकॅलरी ऊर्जा, 50 ग्रॅम अतिरिक्त साखर, 22 ग्रॅम संपृक्त चरबी आणि 2000 मिलिग्रॅम सोडियम हे प्रमाण धरलेले असते. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ किती ते साधारण कळते. 100 ग्रॅममागे 1200 मिलिग्रॅम सोडियम असेल, तर त्यात सुमारे 3 ग्रॅम मीठ आहे, आणि दिवसभराचे मीठ 5 ग्रॅमच्या आत राहावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एक खबरदारी येथे आवश्यक आहे. वाढप 30 ग्रॅमचे धरलेले असते आणि खाणारा अख्खा पुडा संपवतो, म्हणून टक्क्यांपेक्षा 100 ग्रॅमचा रकाना अधिक विश्वासाचा.

आयएनएस क्रमांकांची, म्हणजे रंग, परिरक्षक यांसारख्या मिसळलेल्या पदार्थांना दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकांची, सरसकट भीती बाळगू नये. 330 म्हणजे लिंबातही असणारे सायट्रिक आम्ल, 300 म्हणजे क जीवनसत्त्व, 500(ii) म्हणजे खाण्याचा सोडा. याउलट 102 आणि 110 हे कृत्रिम पिवळे व नारिंगी रंग आहेत, 211 हे सोडियम बेन्झोएट आणि 319 हे तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले रसायन आहे. हे सारे कायद्याने ठरवलेल्या मर्यादेत वापरता येतात, पण त्यांची रांग लागलेली दिसली की तो पदार्थ स्वयंपाकघरापेक्षा कारखान्याच्या सोयीने घडला आहे हे समजावे. ट्रान्स फॅट म्हणजे मुख्यतः तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी; ‘ट्रान्स फॅट नाही’ या दाव्याचा अर्थही जाणून घ्यावा: 100 ग्रॅममागे 0.2 ग्रॅमपेक्षा कमी असेल तरी असा दावा करता येतो. त्याच पदार्थात पामतेल असेल, तर संपृक्त चरबीचा आकडा वेगळा पाहावा लागतो, कारण पामतेलाचा जवळपास निम्मा भाग संपृक्त चरबीचा असतो.

लेबलची सर्वांत मोठी उणीव आपल्या शहरात ठळकपणे जाणवते. मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असला तरी नियम पूर्ण होतो. मराठी, कन्नड किंवा तेलुगू बंधनकारक नाही. पूर्व भागातील ज्या घरांत आजी तेलुगू बोलते आणि सून मराठी वाचते, तेथे पाकिटावरचे बारीक इंग्रजी वाचण्याचे काम शाळेत जाणाऱ्या मुलांवरच येते. ते काम मुलांना आवर्जून द्यावे; जे मूल पुड्यावरची साखर स्वतः मोजते, त्याला वेगळे समजवावे लागत नाही.

भाकरी आणि ब्रेड

येथे तुलना सर्वांत स्पष्ट आहे, म्हणून थोडे थांबून पाहू. ‘ब्राऊन’ किंवा ‘मल्टिग्रेन’ असे मोठ्या अक्षरात लिहिलेला एखादा ब्रेड हातात घ्यावा आणि मागची यादी वाचावी. पुष्कळदा पहिले नाव ‘रिफाइंड व्हीट फ्लोअर’, म्हणजे मैदा, असते. त्यानंतर पाणी, गव्हाचे पीठ, साखर, यीस्ट, तेल, ग्लुटेन, मीठ, मग इमल्सिफायर (तेल-पाणी एकजीव ठेवणारे), आणि शेवटी 282 म्हणजे कॅल्शियम प्रोपिओनेट हे बुरशी रोखणारे परिरक्षक. तपकिरी छटा कोंड्याची नसून कॅरमेल रंगाची असेल, तर 150 हा क्रमांक दिसतो. ज्या धान्याचे नाव किंवा चित्र वेष्टनावर मिरवलेले असते, त्याचे टक्के यादीत द्यावे लागतात. नाचणीचे चित्र मोठे आणि नाचणीचे प्रमाण दोन-चार टक्के, असा प्रकार तेथे उघड होतो.

ब्रेडमध्ये परिरक्षक घालावे लागते ते त्यातील ओलाव्यामुळे. त्याच्या वजनाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग पाणी असतो आणि बुरशीला तेवढे पुरते. आपल्याकडच्या कडक भाकरीने हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलेला आहे. ज्वारीचे पीठ, मीठ, हवे तर तीळ. पातळ थापून भाजायची आणि मंद आचेवर पुन्हा शेकून तिच्यातले पाणी काढून टाकायचे. पाणीच नसल्यामुळे बुरशीला थारा मिळत नाही आणि हवाबंद डब्यात ती महिनाभर तरी नीट राहते. विकतच्या कडक भाकरीच्या पाकिटावर ज्वारी आणि मीठ यांपलीकडे काही नसेल, तर ती घरच्या भाकरीच्या तोडीची समजून खुशाल घ्यावी.

मऊ भाकरी मात्र घरचीच. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि मालदांडी वाणाचे नाव मोहोळच्या संशोधन केंद्राशी जोडलेले आहे. एवढे चांगले धान्य दारात असताना महिनोन् महिने पडून राहिलेले बंद पीठ घेण्याचे कारण नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले की कडवट होते आणि भाकरी थापताना चिरा पडतात, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतेच दळून आणावे. ज्या घरात सकाळची वेळच मिळत नाही, त्यांनी शेजारच्या भाकरी करून देणाऱ्या बाईंकडून विकत घ्याव्यात.

शेंगा चटणी

घरच्या चटणीत शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरे आणि मीठ असते. दाणे लोखंडी कढईत मंद आचेवर, आतपर्यंत रंग पालटेपर्यंत भाजायचे, गार करून पाखडायचे, आणि मग लसूण-तिखटासह उखळात किंवा खलबत्त्यात कुटायचे. सुरुवातीला भुगा उडतो, पुढे तो दाबला जाऊ लागतो, आणि शेवटी दाण्यांचे स्वतःचे तेल सुटून चटणीला चकाकी येते. वरून तेल घालण्याची गरज पडत नाही. मिक्सर वापरायचाच असेल तर थांबत थांबत फिरवावा, नाहीतर एकतर पूड होते किंवा लगदा.

विकतच्या पाकिटांत दोन जाती आढळतात. एकीत हेच पाच घटक असतात; ही चटणी नव्या पेठेतील किंवा बाळीवेशीतील दुकानात ताजी मिळाली तर घरच्या चटणीइतकीच ग्राह्य आहे, आणि बचत गटांकडून घेतली तर पैसाही गावातच राहतो. दुसरीत साखर, वेगळे तेल, रंग आणि 319 असतो. ही घेऊ नये. दाण्यांचे तेल काही आठवड्यांत खवट होऊ लागते. जी चटणी सहा महिने जशीच्या तशी राहावी अशी अपेक्षा असते, तिला कसला ना कसला आधार द्यावाच लागतो. लहान पाकीट आणि जवळची उत्पादन तारीख हा येथे साधा नियम आहे.

घरी करणाऱ्यांनीही एक गोष्ट सोडू नये. काळपट, सुरकुतलेले किंवा बुरशी आलेले दाणे निवडून टाकावेत, कारण त्यांत अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष असू शकते आणि ते भाजल्याने पूर्णपणे नाहीसे होत नाही. दाणे निवडण्याचे काम कंटाळवाणे आहे खरे. पण घरच्या चटणीला पाकिटापेक्षा सरस ठरवणारे मुख्य काम तेच आहे.

चहाबरोबरचा खाऊ

बिस्किटांच्या बहुतेक पुड्यांवर मैदा, साखर आणि पामतेल ही तीन नावे आघाडीवर असतात, आणि 100 ग्रॅममागे 20 ते 25 ग्रॅम साखर आढळते. म्हणजे दोनशे ग्रॅमचा पुडा दिवसभराच्या पूर्ण मर्यादेएवढी साखर घेऊन येऊ शकतो. याच्या बदल्यात शेंगदाण्याचा लाडू, चुरमुरे-फुटाणे, हिवाळ्यात हुरडा, सणाला शेंगा पोळी हे पदार्थ ठेवता येतात. गुळामुळे लाडू औषधी होत नाही, गूळही साखरच आहे. फरक एवढाच की लाडवात दाण्यांची प्रथिने आणि तंतू सोबत येतात आणि एक-दोन लाडवांत पोट भरते.

ही पोट भरण्याची बाब महत्त्वाची आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त (कारखान्यात अनेक घटक मिसळून घडवलेले) आणि दोन आठवडे साधे अन्न दिले गेले. दोन्ही वेळी ताटात वाढलेली ऊर्जा, साखर, चरबी, मीठ आणि तंतू यांचे प्रमाण सारखे राखले होते आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरी अतिप्रक्रियायुक्त अन्नावर माणसे दिवसाला सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खात होती. प्रयोग लहान होता, पण केवळ एखादा घटक वगळून भागत नाही, हे त्यातून कळते.

बेकरीतील सुटी खारी, बटर आणि टोस्ट यांवर कोणतीच यादी नसते. 1 जानेवारी 2022 पासून तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर 2 टक्क्यांची मर्यादा आहे, तरी कोणती चरबी वापरली हे दुकानदाराला विचारल्याशिवाय कळत नाही. विचारावे, सांगायला टाळाटाळ झाली तर तो पदार्थ क्वचितच घ्यावा.

थोडक्यात उरकण्याजोगे

फळांच्या पेयाबाबत निर्णय सोपा आहे. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणवण्यासाठी बहुतेक फळांच्या बाबतीत 10 टक्के रसही पुरतो. उरलेले पाणी आणि साखर. सांगोला-पंढरपूर भागात डाळिंबाच्या बागा आणि केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र असताना येथे डाळिंब सोलून खावे. आले-लसूण पेस्ट घरी करावी, पण ती फ्रिजमध्येच ठेवावी. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाहेर ठेवणे धोक्याचे आहे. काळ्या मसाल्यासाठी उन्हाळ्यात मिरची-धने निवडून, भाजून कांडप केंद्रावर नेणे सर्वांत उत्तम, कारण तेथे आपला माल आपल्या डोळ्यांदेखत कुटला जातो. टोमॅटो केचप घरी करण्यात फार अर्थ नाही. त्याऐवजी टोमॅटोची ताजी चटणी करावी.

वेळ कोणाचा?

घरचे अन्न श्रेष्ठ असे म्हणणारी आणि ते करणारी व्यक्ती बहुतेक घरांत एकच नसते. दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा कारखान्यातून दमून येणाऱ्या बाईकडून शेवया, मसाला, लाडू आणि चटणी यांची अपेक्षा ठेवणे हे आरोग्याच्या नावाखाली तिच्यावर ओझे टाकणे आहे. दाणे निवडणे, लसूण सोलणे, दळण आणणे ही कामे पुरुषांनी आणि मुलांनी उचलली तरच दुसरा मार्ग न्याय्य ठरतो. तशी तयारी नसेल, तर लेबल वाचून निवडलेले पाकीट हाच त्या घरासाठी योग्य पर्याय आहे.

घरची भाकरी-आमटी नियमित असलेल्या कुटुंबाने आधी चहाबरोबरचा खाऊ बदलावा, कारण जास्तीची साखर तेथूनच येते. नाश्त्याला ब्रेड-नूडल्स ठरलेले असतील, तर आधी नाश्ता. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी घरचे लोणचे आणि पापडही मिठाच्या हिशेबात धरावेत, कारण घरचे मीठ विकतच्या मिठापेक्षा सौम्य नसते. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलासाठी नूडल्सच्या पाकिटांऐवजी कडक भाकरी, चटणी आणि भाजके दाणे द्यावेत. चटणी दोन-तीन आठवडे पुरेल एवढीच, करण्याची तारीख लिहिलेल्या कोरड्या बरणीत, आणि भाकरी वेगळ्या डब्यात, म्हणजे लसणाचा ओलावा तिला लागणार नाही.