एलिट डेंजरस, बरेच महिने खाण खणून झाल्यावर : सगळं छान, पण ही लिंपेटं!

परवा रात्री एलिट डेंजरस या अंतराळात जहाज उडवायच्या कॉम्प्युटर खेळात माझं जहाज प्लॅटिनमने गच्च भरलं. दोन-तीन टनांचे तुकडे अजून समोर तरंगत होते. ते आत घ्यायचे तर होल्डमध्ये (मालाच्या कप्प्यात) पडून असलेली लिंपेटं (खाणकामाचे छोटे ड्रोन) बाहेर फेकणं एवढाच मार्ग होता. न वापरलेली, पैसे मोजून घेतलेली, कोरी लिंपेटं. एका लिंपेटची किंमत १०१ क्रेडिट. चांगल्या स्टेशनवर एक टन प्लॅटिनम दोन लाखांच्या पुढे जातं. हिशेब मला येतो. तरी हात होईना. प्लॅटिनम तिथेच सोडलं, जहाज वळवलं आणि स्टेशन गाठलं. तेव्हाच ठरवलं की आता या खेळाबद्दल लिहायचंच.

एलिट डेंजरसमधली आकाशगंगा केवढी आहे, हे इथे सांगत बसत नाही. लढाई, शोधमोहिमा, राजकारण यांच्याशी माझा संबंध जेवढ्यास तेवढा. मी सेलमध्ये हा खेळ घेतला तो खाणकामासाठी आणि घेतल्यापासून तेच करतोय. बायको म्हणते, ‘ऑफिसमधून येऊन पुन्हा कामच करतोस की रे!’ खरंय. पण इथे अप्रेझल नाही.

तर लिंपेट. छोटासा ड्रोन, पण जहाजासोबत फुकट येत नाही. स्टेशनवर विकत घ्यायचा आणि एकेक लिंपेट होल्डमधली एक टन जागा खातं. म्हणजे निघताना होल्ड लिंपेटांनी भरायचा आणि येताना मालाने. याच लिंपेटाचा प्रॉस्पेक्टरही होतो आणि कलेक्टरही, कोणत्या कंट्रोलरमधून सोडाल त्यावर ठरतं. प्रॉस्पेक्टर दगडावर जाऊन आदळतो, चिकटतो आणि आत काय काय किती टक्के आहे ते सांगतो. शिवाय प्रॉस्पेक्टर लावलेल्या दगडातून तुकडेही जास्त निघतात, त्यामुळे त्याच्याशिवाय दगड फोडायला लेझर मारायचा विचारही करू नका.

माझं दुखणं नेमकं इथेच आहे. प्लॅटिनमच्या हॉटस्पॉटमध्ये (जिथे ते जास्त सापडायला हवं तिथे) उभं राहून दगडामागून दगड तपासायचे, आणि निघतं काय? बर्ट्रांडाइट. पुन्हा बर्ट्रांडाइट. कधी प्लॅटिनम असतं, पण नऊ टक्के! आमच्या गावाकडे बोअर मारणारा जसा पाणी लागो न लागो, फुटाचे पैसे आधी मोजून घेतो, तसा हा प्रकार आहे. दगड बघितल्याची फी. वीस-पंचवीस टक्क्यांखालच्या दगडावर वेळ घालवायचा नाही असं सगळे जाणकार सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण फी देऊन तपासलेला पंधरा टक्क्यांचा दगड तसाच सोडून पुढे जायला जीव होत नाही. मी मारतो लेझर.

कलेक्टरचं दुःख वेगळं. तुकडे गोळा करून आणणं हे त्याचं काम. कशालाही टार्गेट न करता सोडला तर त्याची मुदत संपेपर्यंत तो एकामागून एक तुकडे आणत राहतो. एखादा तुकडा टार्गेट करून सोडलात तर तो एकच आणून देतो आणि संपतो. ही गोष्ट मला खेळाने नाही, एका मित्राने सांगितली. दुसरं म्हणजे हे कलेक्टर आंधळे आहेत. दगड स्वतःभोवती संथ फिरत असतो. तुकडा त्याच्या पलीकडच्या अंगाला गेलेला असतो. आपलं लिंपेट निळी शेपटी सोडत सरळ रेषेत निघतं आणि मधल्या दगडावर जाऊन फुटतं. वळून जावं, थोडं थांबावं, काही नाही. मागचं लिंपेटही त्याच वाटेने जातं आणि त्याच जागी फुटतं. यावर उपाय आहे : दगडापासून थोडं लांब राहायचं, जहाज दगडाच्या वर घ्यायचं, म्हणजे तुकडे मोकळ्या जागेत उडतात. उपाय लागू पडतो. पण उपाय करावा लागतो हीच तर तक्रार आहे.

बाकी खाणकामाला नावं ठेवायला मला जागा सापडत नाही, हेही सांगितलं पाहिजे. लेझर हा जुना प्रकार. १९८४ साली बीबीसी मायक्रोवर आलेल्या पहिल्या एलिटमध्येही मायनिंग लेझर होता, दगड फोडून तुकडे गोळा करता यायचे. आज जे खाणकाम आहे त्यातला जीव मात्र डिसेंबर २०१८ च्या अपडेटने आणला. ग्रहाभोवतीच्या कड्यावर (रिंगवर) प्रोब सोडून हॉटस्पॉट शोधणं तेव्हा आलं, आणि कोअर मायनिंगही, म्हणजे अख्खा दगड फोडून गाभ्यातला माल काढणं, तेव्हाच.

कोअर मायनिंगबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण यासाठी मी लिंपेटांना माफ करायला तयार होतो. बर्फाळ कड्यात शिरायचं, पल्स वेव्ह अ‍ॅनालायझरची लाट सोडायची. अंधारात शेकडो दगड पिवळट उजळतात आणि विझतात. बहुतेक मंद. एखादाच भडक सोनेरी, आणि त्याच्या अंगावर काळ्या भेगा. तिकडे जायचं, प्रॉस्पेक्टर चिकटवायचा, आणि पॅनेलवर कोअर म्हणून व्हॉइड ओपल असं नाव आलं की खुर्चीत सरसावून बसायचं. मग भेगांमध्ये एकेक चार्ज (सुरुंग) रुतवायचा. भेगा तीन ताकदीच्या, चार्जही कमी-मध्यम-जास्त. ट्रिगर किती वेळ दाबून ठेवला त्यावर चार्जचा जोर ठरतो. उजवीकडे एक पट्टी असते, तिचा काटा निळ्या भागात यायला हवा. कमी पडला तर दगड फुटत नाही, जास्त झाला तर आतल्या मालाची नासाडी. काटा निळ्यात आला की पाठ फिरवून पळायचं आणि सुरक्षित अंतरावर जाऊन जहाज वळवायचं. आधी काहीच होत नाही. मग तो इमारतीएवढा दगड आवाज न करता सुटा सुटा होतो, आणि घुमणारा धक्का त्यानंतर येतो. हेडफोन लावून ऐका. आत शिरल्यावर भिंतींना लागलेले उरलेसुरले खडे अ‍ॅब्रेजन ब्लास्टरने खरवडून काढायचे. यात घाई नाही, कारण दगड पुन्हा जुळत नाही.

पैशाचं म्हणाल तर सोन्याचे दिवस आमच्या आधीच होऊन गेले. २०१८-१९ मध्ये व्हॉइड ओपलवर लोक गब्बर झाले. २०२० च्या सुरुवातीला बोरान नावाच्या सिस्टिममध्ये लो टेम्परेचर डायमंडचे तीन हॉटस्पॉट एकमेकांवर आलेले सापडले आणि अख्खी आकाशगंगा तिथे लोटली. त्याच जूनमध्ये फ्लीट कॅरियर (खेळाडूला विकत घेता येणारी महाकाय जहाजं) आले, किंमत पाच अब्ज क्रेडिट, म्हणजे ५०० कोटी. त्यानंतर बाजाराचे नियम बदलले. आता स्टेशनला मागणी थोडी आणि तुमचा होल्ड भरलेला असेल तर भाव तिथल्या तिथे कोसळतो. म्हणून विकण्याआधी भाव आणि मागणी दोन्ही बघायचं. इनारा ही खेळाडूंच्या माहितीवर चालणारी साइट त्यासाठी सोयीची. मात्र तिथली माहिती किती तासांपूर्वीची आहे ते बघायला विसरू नका, नाहीतर तुमच्या आधी कुणीतरी ट्रक रिकामा करून गेलेला असतो.

आता थोडं जॉयस्टिकबद्दल, कारण त्याशिवाय हा अनुभव पुरा होत नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात माझी जॉयस्टिक डावीकडे ओढू लागली. लढाईत कळलं नसतं. पण लेझर एका जागी धरून ठेवायचा असतो तेव्हा जहाज आपसूक वळू लागलं की वैताग येतो. वॉरंटी शिल्लक होती. सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी सांगितलं, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. दुसऱ्या फेरीत सांगितलं, बिल आहे ते ठीक, पण मूळ खोका लागेल. आमच्याकडे मूळ खोका नसणार होय? माळ्यावरून काढला, धूळ झटकली, घेऊन गेलो. तर म्हणे, ‘सर, आतलं थर्माकोल कुठंय?’ त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. शेवटी इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, पॉट (जॉयस्टिकच्या आतला हालचाल मोजणारा भाग) साफ केला, आणि खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मधली किरकोळ हालचाल न मोजण्याची मर्यादा, वाढवला. आता जहाज सरळ उभं राहतं. थर्माकोल मात्र तेव्हापासून जपून ठेवतो, घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूचं.

वीज जाण्याबद्दलही एक वाक्य. आमच्याकडे संध्याकाळी वीज जाते, आणि जहाज बंद झालं की होल्डमधला माल टिकतो, पण बाहेर तरंगणारे तुकडे आणि सोडलेली लिंपेटं गेली. परत लॉगिन केलं की समोर स्वच्छ अंतराळ. इन्व्हर्टरवर राउटर आणि पीसी दोन्ही घेतले. तो खर्च मी या खेळाच्या खात्यात धरलेला नाही, पण धरायला हवा.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. मधल्या दोन रात्रींत मत बरंच बदललं, म्हणून वरचं तसंच ठेवून पुढे लिहितो.

उजवीकडच्या पॅनेलमध्ये सिंथेसिस नावाचा भाग आहे. तिथे मी दारूगोळ्यासाठी जायचो. त्यातच लिंपेट बनवायची सोय आहे : १० लोखंड, १० निकेल, की ४ लिंपेटं. आणि लोखंड-निकेल कुठून येतं? लेझर मारताना दगडातूनच कच्चा माल म्हणून उडतं, कलेक्टर तेही गोळा करून आणतात. हा कच्चा माल होल्डमध्ये जागा घेत नाही, त्याचं खातं वेगळं, प्रत्येकी ३०० पर्यंत साठतं. मी बघितलं तर माझी दोन्ही खाती काठोकाठ भरलेली. म्हणजे इतके महिने लिंपेटचा कारखाना खिशात घेऊन फिरत होतो. आता निघताना थोडीच लिंपेटं विकत घेतो, संपली की तिथल्या तिथे बनवतो, वरच्यासारखी फेकाफेकीची वेळ येत नाही. फुकट म्हटल्यावर पंधरा टक्क्यांचा दगडही हसत सोडून देतो. आश्चर्य आहे, पण तीच लिंपेटं दगडावर फुटली तरी आता राग येत नाही.

नवी तक्रार एवढीच की एका वेळी चारच बनतात. चाळीस हवी असतील तर तीच खटपट दहा वेळा. एकदम दहाचा पर्याय द्यायला काय हरकत होती?

या भरात आणखी एक गोष्ट मिळाली. रिफायनरीत (तुकड्यांचा माल करणाऱ्या जहाजावरच्या यंत्रात) नको असलेली खनिजं कप्पे अडवून बसतात. पॅनेलमधून त्या खनिजाला इग्नोर केलं की कलेक्टर त्याच्या तुकड्यांकडे फिरकत नाहीत. हे दोन्ही धरून माझ्या लेझरच्या फेऱ्या आता पूर्वीपेक्षा बऱ्याच लवकर आटोपतात.

दरोडेखोरांबद्दल नव्या लोकांना भीती असते, ती अनाठायी आहे. कड्यात उतरल्यावर ते येतात, तुमचा होल्ड स्कॅन करतात, आत नुसती लिंपेटं दिसली की दोन टोमणे मारून निघून जातात. म्हणून उतरल्यावर लगेच खणायला लागू नका. त्यांना येऊन जाऊ द्या. लिंपेटांना ते भाव देत नाहीत, यात मला थोडा अपमान वाटायचा, आता नाही वाटत.

एकदा तरी शनीच्या कड्यात जा. सोल सिस्टिमला, म्हणजे आपल्या सूर्यमालेला, परमिट लागतं, फेडरेशन या खेळातल्या सत्तेकडे पेटी ऑफिसर हा हुद्दा मिळेपर्यंत कामं करावी लागतात, कंटाळा येतो. पण शाळेच्या भूगोलात पाहिलेलं ते कडं जवळून बर्फाच्या ढेकळांचा पसारा निघतं, आणि मागे शनी अर्धं आकाश व्यापून. तिथे खणून काही खास मिळत नाही. मी तास-दीड तास तिथे होतो, एकही प्रॉस्पेक्टर सोडला नाही.

खऱ्या जगात हे काम किती लहान पावलांनी चाललंय हेही त्या दिवशी आठवलं. बेन्नू या लघुग्रहावरून नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये १२१.६ ग्रॅम माती आणली, आणि डब्याच्या झाकणाचे दोन स्क्रू निघेनात म्हणून तो पूर्ण उघडायला जानेवारी २०२४ उजाडलं. त्यासाठी खास हत्यारं बनवावी लागली. इकडे मी टनांनी आणतो आणि लिंपेटांवरून कुरकुरतो.

घ्यायचा असेल तर : खाणकामासाठी मूळ खेळ पुरेसा आहे. होरायझन्स हे विस्तारित पॅक २०२० पासून त्यातच मिळतं. पायी फिरण्यासाठीचं ओडिसी हे दुसरं पॅक सध्या घेऊ नका, दगड फोडायला पाय लागत नाहीत. सुरुवातीला लहान जहाजावर एक-दोन लेझर, छोटा प्रॉस्पेक्टर, छोटा कलेक्टर, एवढ्यावर प्लॅटिनम काढा. पैसे साठले की पायथॉन हे जहाज, सुमारे पावणेसहा कोटी क्रेडिट. टाइप-९ हे जहाज साडेसात कोटींच्या वर जातं, होल्ड मोठा आहे, पण वळायला लागतं म्हशीएवढा वेळ आणि छोट्या आउटपोस्टवर उतरत नाही. मी पायथॉनवरच आहे. होल्ड लहान आहे हे खरं, पण आता त्यात लिंपेटं कमी न्यावी लागतात.