ख्रिसमस ट्रीची ‘बाय-बॅक’ शेती: रोप घेण्याआधी काठी सोडून बघा

वसई-विरार पट्ट्यात नाताळच्या तोंडावर झाडाला गिऱ्हाईक असतं, हे खोटं नाही. पूर्वी लोक सुरूची फांदी आणून सजवायचे. आता घरोघरी प्लास्टिकची झाडं आली, तरी कुंडीतलं जिवंत झाड मागणारे आहेतच. नर्सरीत ज्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात ते बहुधा अरोकेरिया असतं. मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या नॉरफोक बेटावरचं, खारी हवा सोसणारं, त्यामुळे आपल्या किनाऱ्यावर तग धरतं. सांगायचा मुद्दा, धंद्याची कल्पना वाईट नव्हती, आणि नेमका त्याचाच फायदा घेतला गेला.

आमच्या वाडीत केळी काढल्यावर थोडी जागा रिकामी होती. ओळखीतल्या एकाने रोपं विकणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला आणलं. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव, हातात टॅब, बोलणं गोड. “काका, तुम्ही फक्त पाणी घाला. विक्रीचं टेन्शन आमचं.” 350 रुपयांना एक, अशी 200 रोपं घ्यायची, म्हणजे 70,000 रुपये. दोन वर्षांनी चार फुटांचं झाड कंपनी 1,800 रुपयांना परत नेणार, यालाच ‘बाय-बॅक’ म्हणतात. स्टॅम्प पेपरवर करार, नोटरीचा शिक्का, सगळं रीतसर. नोटरी सही कोणाची ते बघतो, कराराच्या मजकुराची हमी घेत नाही, हे आपल्याकडे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. पैसे मात्र कंपनीच्या खात्यात नाही, त्याच्या स्वतःच्या नंबरवर यूपीआयने मागितले. “करंट अकाउंटचं काम चालू आहे,” म्हणाला.

करारातली तीन कलमं आता वाचली की सगळा डाव उघडा दिसतो. पहिलं: पहिलं वर्षभर रोपाची काठी आणि सुतळी सोडायची नाही, सोडली तर हमी रद्द. कारण काय, तर वाऱ्याने शेंडा मोडतो. दुसरं: टॉनिक त्यांच्याकडूनच घ्यायचं. तिसरं: माल ‘ए ग्रेड’चाच घेणार, आणि ग्रेड ठरवणार कंपनीचा प्रतिनिधी.

काठीचं कलम सगळ्यात हुशारीचं. अरोकेरियाची गंमत अशी की त्याच्या आडव्या फांदीचं कटिंग लावलं तर मुळं फुटतात, रोप जगतं, पण ते आयुष्यभर फांदीच राहतं. उभं होत नाही. आडवंच वाढतं, फुटवे दोन बाजूंनाच येतात, आणि झाड पंख्यासारखं चपटं दिसतं. नाताळच्या झाडाला लागतो तो सरळ शेंडा आणि भोवती गोल फिरलेले फांद्यांचे मजले. ते मिळतात बियांपासून केलेल्या रोपात, नाहीतर शेंड्याच्या कटिंगमध्ये. पण बियांची उगवणक्षमता लवकर जाते, ताजं बी मिळवावं लागतं. शेंडा एका झाडाला एकच. बाजूच्या फांद्या मात्र डझनावारी. थोडक्यात, आम्हाला 350 रुपयांना विकला तो जवळपास फुकटचा माल होता, काठीला घट्ट बांधून उभा केलेला.

पहिल्या वर्षी शंका यायला जागाच नव्हती. हे झाड मुळातच सावकाश वाढतं, कुंडीत तर वर्षाला वीतभर वाढलं तरी पुष्कळ. (वीतभर रोपाचं दोन वर्षांत चार फुटी झाड, हा हिशोबही तिथेच कोसळतो.) दुसऱ्या पावसाळ्यात सुतळ्या कुजल्या आणि रोपं एकेक करून आडवी व्हायला लागली. बायको म्हणाली, मुळं कुजली असतील. उपटून पाहिलं तर मुळं पांढरी, निरोगी. घोडबंदर रोडवरच्या एका जुन्या नर्सरीवाल्याला दोन रोपं नेऊन दाखवली. त्याने वरून एकदा पाहिलं आणि विचारलं, “ही फांदी कोणी विकली तुम्हाला?”

माणसाचा फोन त्याआधीच बंद झाला होता. करारातल्या पत्त्यावर भिवंडीजवळ एक भाड्याचा गाळा निघाला. तिथे आता पॅकिंगचे खोके ठेवतात, आणि भाडेकरू दोनदा बदललेत.

पोलिसांत अर्ज दिला. पोहोच घ्यायला विसरू नका. पण ज्यांचं असं काही झालं असेल त्यांनी ग्राहक आयोगाचा रस्ता सोडू नये. “तुम्ही व्यापारासाठी घेतलं, तुम्ही ग्राहक नाही,” असं समोरचा वकील म्हणतोच. पण सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या अशाच बाय-बॅक करारावरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये शेतकरी महिलेला ग्राहकच मानलं आहे. करारात ‘वाद पुण्याच्याच न्यायालयात’ असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. मुदत दोन वर्षांची. सुरुवातीला विचारायला 1915 हा हेल्पलाइन नंबर आहे. रोपं फेकू नका, काठीसकट आणि काठीशिवाय दोन्ही फोटो काढून ठेवा, व्हॉट्सअॅपचे मेसेज पुसू नका. आमच्या हातात सगळ्यात उपयोगी पडतोय तो त्याचाच एक व्हॉइस मेसेज: “काका, काठी अजिबात सोडू नका हां.”

असल्या योजना नव्या नाहीत. कधी सागवान, कधी मुसळी, कधी ईमू. 2019 मध्ये इस्लामपूरचं कडकनाथ कोंबड्यांचं प्रकरण सगळ्यांनी वाचलं. प्राणी नाहीतर झाड बदलतं, पण पिल्लू किंवा रोप विकतानाच त्यांची सगळी कमाई झालेली असते. परत विकत घ्यायचं त्यांच्या हिशोबात नसतंच.

ज्यांना खरंच नाताळसाठी अरोकेरिया करायचा आहे त्यांनी जरूर करावा, पण दहा-वीस रोपांपासून, ओळखीच्या नर्सरीतून. रोप घेताना सुतळी तिथल्या तिथे सोडायला सांगा आणि वरून बघा. मधल्या शेंड्याभोवती चार-पाच फांद्या चहूबाजूंना गोल फिरलेल्या दिसल्या पाहिजेत. नुसत्या डावी-उजवीकडे असतील, किंवा विकणारा काठीला हात लावू देत नसेल, तर पैसे खिशातच ठेवा.

परवा डहाणूकडच्या एका नातेवाइकाने चंदनाच्या रोपांचा करार मला वाचायला पाठवला. कंपनीचं नाव वेगळं आहे. ‘ए ग्रेड’चं कलम शब्द न् शब्द तेच आहे, आणि पैसे पाठवायचा यूपीआय नंबरही.