सगळे कागद खरे होते

लातुरात घर बघायला येणारा माणूस पुष्कळदा घरासाठी येतच नाही, लेकरांच्या क्लाससाठी येतो. दहावीचा निकाल लागला की निलंगा, उदगीर, अहमदपूर, पार तिकडं नांदेड-धाराशिवकडून आईबाप येतात. आधी भाड्याची खोली, मग मेस, मग धाकट्याचीही अकरावी येते आणि कुणीतरी म्हणतं, "भाड्यात घालवता तेवढ्यात हप्ता बसतोय की!" आम्हाला हे म्हणणारे नात्यातलेच होते. चुलत बहिणीचे यजमान, आमचे दाजी. विकणाऱ्याकडून त्यांना किती टक्के मिळाले ते पुढं कळलं.

विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे आणि वकिलांची तशी ताकीद आहे. पद्धत मात्र सगळी लिहितो, कारण तीच पद्धत मराठवाड्यातल्या कुठल्याही वाढत्या शहराच्या कडेला चालू शकते.

साल 2022. रिंग रोडच्या बाहेर, जुन्या प्लॉटिंगच्या मागच्या अंगाला नवीन रो-हाऊसची एक रांग. हजार चौरस फुटांचा प्लॉट, खाली हॉल-किचन, वर दोन खोल्या, 32 लाख. 2016 साली या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तेव्हापासून इथं घर दाखवणारा आधी बोअर चालू करून दाखवतो. त्यानंही मोटर लावली. पाइपातून धार पडली आणि बायकोनं माझ्याकडं बघितलं. पाणी बघितलं की आम्ही लोक निम्मे तिथंच पाघळतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मग फाइल आली. चांगली जाडजूड, प्लॅस्टिकच्या कप्प्यांची. ही फाइल आज वकिलांकडं आहे आणि सांगायला अजब वाटेल, पण तिच्यात खोटा कागद एकही नाही.

सातबारा खरा होता. मूळ शेतकरी वारलेला, वारसांची नावं फेरफारानं लागलेली, इतर हक्कात बँकेचा-सोसायटीचा बोजा नाही. महाभूमीच्या साइटवर 15 रुपये भरून डिजिटल सहीचा उतारा मी स्वतः काढला, तोही तसाच निघाला. वारसांनी विकणाऱ्याला दिलेलं मुखत्यारपत्र नोंदणीकृत होतं. एनएचा, म्हणजे बिगरशेतीचा आदेश खरा, जावक क्रमांकासकट. शेजारच्या घराची कर पावती खरी, लाइट बिल खरं. वकिलाचा सर्च रिपोर्टही खरा, तीस वर्षांचा शोध, या जागेचा कुठलाही विक्री व्यवहार आढळत नाही. "बघा, कोरी करकरीत जमीन," असं दाजी म्हणाले.

कोरी होती हे खरंच. ती जमीन कुणी विकलीच नव्हती, कारण ती विकायचीच नव्हती.

प्रकार असा होता. वीसेक वर्षांपूर्वी त्या गटाचा लेआउट, म्हणजे प्लॉट आणि रस्ते पाडलेलं रेखांकन, मंजूर झालं. लेआउट मोठा असला की त्यातला साधारण दहा टक्के भाग खुली जागा म्हणून सोडावा लागतो, बागेसाठी, पोरांच्या खेळण्यासाठी. पुढचे सगळे प्लॉट तेव्हाच विकले गेले. मागची खुली जागा तशीच पडून राहिली, बाभळी वाढल्या. ती रीतसर हस्तांतरित व्हायला हवी होती. झाली नाही, आणि सातबाऱ्यावर मूळ मालकाचं नाव तसंच राहिलं. असं आपल्याकडं अनेक लेआउटमध्ये झालेलं आहे. पुढं मालक वारतो, वारसांची नावं लागतात, भाव वाढतात, आणि हे हेरणारा माणूस वारसांना गाठून मुखत्यारपत्र करून घेतो. आता तुम्ही सातबारा काढा, बोजा बघा, तीस वर्षांचा सर्च घ्या. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर स्वच्छ येणार. बोजा काय आणि वाद काय, जागेचा व्यवहार झाला तरच उभा राहणार.

एनएच्या आदेशात अट होतीच, मंजूर रेखांकनाप्रमाणे रस्ते व खुली जागा सोडण्यात यावी. आम्ही ती वाचली. अशा पंधरा-वीस अटी प्रत्येक आदेशात असतात. खुली जागा म्हणजे आपण उभे आहोत तीच, हे त्या वाक्यातून कुणाला कळणार? ते फक्त नकाशावरून कळतं.

नकाशाही फाइलमध्ये होता. मूळ नकाशा टेबलाएवढा असतो, फाइलमध्ये होती ए-फोर झेरॉक्स. प्लॉट 1 पासून पुढचे ओळीनं दिसत होते, डावीकडं अंतर्गत रस्ता, खाली मंजुरीच्या शिक्क्याची अर्धी कड. उजवा भाग कागदात आलाच नव्हता. विचारलं तर विकणारा हसून म्हणाला, "मोठा नकाशा झेरॉक्सवर बसत नाही हो सर, तुमचा भाग मागच्या पानावर आहे." मागच्या पानावर आमच्या रो-हाऊसचा प्लॅन होता, मापं, जिना, खिडक्या, कोपऱ्यात गोल शिक्का. तो शिक्का आर्किटेक्टचा. मंजुरीचा शिक्का वेगळा असतो, त्यात कार्यालयाचं नाव, आदेश क्रमांक, तारीख आणि अधिकाऱ्याची सही असते. दोन शिक्के शेजारी ठेवले तर फरक पोरालाही कळेल, पण एक अर्धा कापलेला आणि दुसरा अख्खा असला की डोळा अख्ख्यावर बसतो.

महारेराचा, म्हणजे घरप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा नंबर कुठंच नव्हता. यावर त्याचं उत्तर तयार, "रेरा फ्लॅटला लागतो, रो-हाऊसला नाही." हे साफ खोटं. जागा 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठापेक्षा जास्त असली की नोंदणी लागते; प्लॉटिंगलाही लागते. 2017 च्या मे महिन्यापासून हा कायदा पूर्णपणे लागू आहे. त्याच कायद्यात असंही आहे की नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. आमच्याकडून त्यानं शंभर रुपयांच्या बॉण्डवर इसार पावती करून 12 लाख घेतले. "बॉण्ड केलाय, घाबरू नका," हे वाक्य आपल्याकडं इतकं रुळलंय की बॉण्ड म्हणजे जणू सातबाराच. नोटरीचा शिक्का फक्त सही कुणी केली एवढं सांगतो, मालकी देत नाही.

आता बँक. माझा पगार ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत होतो तिथं कर्जाचा अर्ज दिला. त्यांच्या पॅनेलवरच्या वकिलांनी मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत, बांधकाम परवाना आणि प्लॉटची मोजणी मागितली. विकणाऱ्यानं पंधरवडाभर आज-उद्या केलं आणि मग दाजींचा फोन आला.

"सरकारी बँकेच्या नादाला कशाला लागता? वर्षभर फिरवतेत. आपल्या वळखीची पतसंस्था हाय, आठ दिवसांत चेक."

"व्याज जास्त आहे की, दाजी."

"दोन टक्क्यासाठी घर सोडता का? त्याच्याकडं तीन गिऱ्हाईक बसल्यात."

पतसंस्थेनं माझी पगाराची स्लिप आणि दोन जामीनदार बघून 15 लाख दिले. पतसंस्थेचं त्यात काही अडत नाही, कर्ज माझ्या पगारावर आणि जामीनदारांच्या पगारावर सुरक्षित आहे. जागेचं काहीही होवो. मोठ्या बँकेचा वकील जेव्हा एखाद्या कागदासाठी अडून बसतो तेव्हा तो तुमचंच काम फुकटात करत असतो. आणि विकणारा तुम्हाला बँक बदलायला लावतो तेव्हा कोणत्या कागदावरून लावतोय, ते आधी बघा. बाकी फाइल चाळायची गरज पडणार नाही.

खरेदीखत बायकोच्या नावावर केलं, बाईच्या नावावर स्टँप ड्युटी एक टक्का कमी लागते म्हणून. ड्युटी आणि नोंदणी फी मिळून दीड लाखाच्या घरात गेले. दुय्यम निबंधकाकडं फोटो, अंगठा, साक्षीदार, सगळं रीतसर. लोकांचा ठाम समज असतो की रजिस्ट्री झाली म्हणजे सरकारनं जागा तपासली. सरकार तिथं दस्त नोंदवतं, विकणाऱ्याला विकायचा हक्क होता की नाही याची हमी देत नाही. आमच्या खरेदीखतात गट नंबर आहे, 92.9 चौरस मीटर क्षेत्र आहे, चतुःसीमा आहेत. प्लॉट नंबर नाही. असणार कुठून, मंजूर नकाशात त्या नंबरचा प्लॉटच नाही.

राहायला गेलो. पुढच्या ओळीतले लोक आमच्याशी फटकून वागायचे, आम्हाला वाटायचं शहरातली माणसं अशीच. एक दिवस बायकोनं दारासमोर कढीपत्ता आणि जास्वंद लावायला आळं केलं. पुढचे एक निवृत्त गुरुजी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, झाडं लावताय ते चांगलंच हाय. पर आमाला हितं बागच पायजे होती."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी लोखंडी पेटीतून कापडी पिशवी काढली, पिशवीतून गुंडाळी. दिवाणावर नकाशा पसरला तर कडा पुन्हा गुंडाळायला लागल्या. एका कोपऱ्यावर तांब्या, दुसऱ्यावर चष्म्याचं घर, तिसऱ्यावर माझा मोबाइल. डावा भाग ओळखीचा होता, आमच्या झेरॉक्समधला. उजवीकडं तिरप्या रेघांनी भरलेला लांबट चौकोन आणि मध्ये ठळक अक्षरात खुली जागा, खाली चौरस मीटरमध्ये क्षेत्र. आमचं घर, शेजारचं, त्याच्या शेजारचं, सगळी नऊची नऊ घरं त्या रेघांवर. गुरुजींनी वर्षभरापूर्वीच तक्रार अर्ज दिलेला होता, त्याची पोचही दाखवली. "तुमच्यावर राग नव्हता," ते म्हणाले, "पर सांगावं कसं, तेबी कळंना."

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात. अनधिकृत बांधकामाची नोटीस आली, नगररचना कायद्याच्या कलम 53 खाली. विकणारा आधी म्हणाला गुंठेवारीत, म्हणजे विनापरवाना पाडलेले प्लॉट कायदेशीर करायच्या योजनेत, नियमित करून देतो. तिथं चौकशी केली तर मंजूर लेआउटमधली खुली जागा त्यात बसत नाही असं सांगण्यात आलं. मग त्यानं फोन उचलणं बंद केलं. पोलिसांत गेलं की बहुतेकांना ऐकावं लागतं तेच आम्हीही ऐकलं, हे दिवाणी स्वरूपाचं आहे. नऊ घरांनी मिळून लेखी अर्ज दिला, नकाशाची प्रमाणित प्रत आणि कापलेली झेरॉक्स शेजारी शेजारी लावून दिली, तेव्हा तो अर्ज आर्थिक गुन्हे शाखेकडं गेला. एकेकट्यानं गेलं की भांडण दिसतं, नऊ जण एकच झेरॉक्स घेऊन गेले की बनाव दिसतो.

नोंदणी नसलेल्या प्रकल्पाविरुद्धही महारेराकडं तक्रार करता येते, फी 5,000 रुपये. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं असेल तर तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, ती मनात धरून चाला, कारण विकणारा "करतो, देतो" म्हणत नेमकी तेवढीच वर्षं काढतो.

घर घेणाऱ्यानं फाइल बघूच नये असं नाही, पण विकणाऱ्यानं दिलेला नकाशा हा नकाशा धरू नका. लेआउट ज्या कार्यालयानं मंजूर केला त्याच्या नगररचना विभागात जाऊन प्रमाणित प्रत मागा. देत नसतील तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका. त्या प्रतीवर आपला प्लॉट नंबर बोटानं शोधा. मग भूमी अभिलेखची मोजणी झाली आहे का विचारा आणि मोजणीची 'क' प्रत मागा, जमिनीवरचा प्लॉट आणि नकाशातला प्लॉट एकच आहे का ते त्यावरून कळतं. बांधलेलं घर असेल तर बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे घर वापरायला परवानगी असल्याचा दाखला. "भोगवटा नंतर मिळतो" म्हणणाऱ्याला सांगा, पैसेही नंतर मिळतील. आणि जागेच्या पुढच्या ओळीत, जिथं जुनी माणसं राहतात, तिथं चहा प्यायला जा. विकणाऱ्यानं भेट घालून दिलेल्या शेजाऱ्याकडं नको, तो आमच्याच ओळीतला होता आणि आमच्याइतकाच अंधारात होता.

सध्या आम्ही त्याच घरात राहतो. पाडण्याला तात्पुरती स्थगिती आहे, पतसंस्थेचा हप्ता चालू आहे, मुलीचं दुसऱ्या गावी कॉलेज सुरू झालं आहे. तिच्यासाठी घेतलेल्या घरात आता आम्ही दोघंच. विकणाऱ्याचं नवीन काम दुसऱ्या रस्त्याला चालू असल्याचं कळतं, तिथंही जुन्या लेआउटच्या मागच्या अंगालाच.

दाव्यात आमची रक्कम 25 लाख धरली आहे, खरेदीखतात आहे तेवढी. वरचे सात लाख त्यानं रोख मागितले होते, "स्टँप ड्युटी वाचेल तुमची" म्हणून. जमिनीच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्यानं 2015 पासून बंदी आहे आणि दंड रोख घेणाऱ्याला असतो, हे वकिलांनी सांगितलं. त्या सात लाखांत एक एकर विकल्याचे पैसे होते. वकिलांनी पावती मागितली, आमच्याकडं ती नव्हती, आणि त्यांनी तो आकडा अर्जातून खोडून टाकला.