जुना सॅक्सोफोन घेताना: विटलेला की नव्याने लॅकर केलेला?

जुना आल्टो किंवा टेनर सॅक्सोफोन घ्यायचे एकदा ठरले, की बहुतेकांची निवड दोन वाद्यांवर येऊन अडते. एकाचा मूळ लॅकर, म्हणजे पितळावरचा चकचकीत संरक्षक थर, जागोजागी उडालेला असतो आणि उघडे पितळ तपकिरी पडलेले असते. दुसरे तेवढ्याच वयाचे, पण बफ मारून (फिरत्या चाकावर घासून) पुन्हा लॅकर केलेले आणि लखलखीत असते. वादकांचा ओढा पहिल्याकडे आहे. १९५४ मध्ये आलेल्या सेल्मर कंपनीच्या मार्क सिक्स या नावाजलेल्या मॉडेलला मूळ लॅकर असेल, तर तो कितीही विटलेला असला तरी पुन्हा चमकवलेल्या मार्क सिक्सपेक्षा त्याला साधारणपणे चांगली किंमत येते. कारखान्यातूनच बिनलॅकरचे किंवा जुनाट रंगाचे निघणारे नवे सॅक्सोफोनही आता मिळतात. पण त्यांची तुलना इतर नव्या वाद्यांशी व्हावी, म्हणून ते येथे बाजूला ठेवतो.

लॅकर गेल्याने आवाज मोकळा होतो, असे अनेक जाणकार मनापासून मानतात. माझ्या कानाला तो फरक कधी ठामपणे जाणवला नाही. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) किंवा रीड (त्यावरची वेताची पातळ पट्टी) बदलल्यावर, अथवा एखादे गळके पॅड (कीखालची, भोक झाकणारी गादी) नीट बसवल्यावर आवाजात जो बदल होतो, त्यापुढे लॅकरचा वाटा अगदी थोडा असावा. बफिंगचा प्रश्न मात्र वेगळा आहे. बफ मारताना धातूच निघतो. बेलवरील, म्हणजे पसरट तोंडावरील, कोरीव नक्षी बोथट होते आणि मोठा पोचा काढल्याच्या किंवा डाख (सोल्डर) दिल्याच्या ज्या खुणांवरून वाद्याचा पूर्वेतिहास वाचता आला असता, त्या बऱ्याचदा पुसल्या जातात. विटलेले वाद्य काही लपवत नाही. उजव्या हाताच्या अंगठ्याखाली आणि वादकाच्या अंगाला घासणाऱ्या बाजूला लॅकर उडालेला दिसला, तर ते वाद्य भरपूर वाजलेले आहे एवढे निश्चित. आणि जे वाद्य इतकी वर्षे कोणी खाली ठेवले नाही, ते बहुधा वाजवण्याजोगे असते.

तरीही माझा निर्णय झाला तो पावसाळ्यामुळे. वेंगुर्ल्याच्या आमच्या बँडमध्ये दोन्ही प्रकारचे आल्टो होते आणि मी दोन्ही वाजवले. पुन्हा लॅकर केलेल्या वाद्यावर पहिल्याच पावसाळ्यात बेलच्या कडेला आणि कींच्या खांबांच्या बुडाशी बारीक फोड आले. गणपतीपर्यंत ते फुटले, पापुद्रे बोटांना चिकटू लागले आणि राहिलेल्या लॅकरच्या आतून काळ्या-हिरव्या रेषा नागमोडी पसरत गेल्या. खारी हवा आणि घाम एकदा लॅकरखाली शिरला, की तेथे फडके पोहोचत नाही. वरून कितीही पुसा, आतला कळंक वाढतच राहतो. तो घालवायचा तर पुन्हा लॅकर उतरवणे आले, म्हणजे पुन्हा धातू झिजवणे आले. उघड्या पितळावरही हिरवट थर येतो, हाताला वास लागतो आणि पांढऱ्या सदऱ्यावर डाग पडतो, हे मान्य आहे. पण तो थर डोळ्यांसमोर असतो आणि वाजवून झाल्यावर कोरड्या सुती कापडाने बराचसा निघतो. त्यावर समईसारखी चिंच किंवा पावडर मात्र लावू नये. ती की ज्यांवर फिरतात त्या रॉडमध्ये आणि पॅडवर जाऊन बसते.

समुद्रापासून दूर, कोरड्या हवेत राहणाऱ्याला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही, आणि लॅकरचे काम निगुतीने झालेले असेल तर तो येथेही उशिरा सुरू होईल. चमकवलेले वाद्य बरेच स्वस्त मिळत असेल, तर नवशिक्याने ते जरूर पाहावे. मी स्वतःसाठी विटलेला आल्टो घेतला आणि वर आणखी थोडे पैसे घालून मडगावला जाऊन सगळी पॅड बदलून घेतली.

विटलेले वाद्य निवडताना रंगापेक्षा नेक, म्हणजे माउथपीस बसते ती वरची बाकदार नळी, आधी पाहावी. ती दाबली जाऊन वाकलेली नसावी आणि तिच्यावर गुलाबी ठिपके दाटलेले नसावेत, कारण तेथे पितळातले जस्त निघून जाऊन धातू कमकुवत झालेला असू शकतो. नंतर अंधाऱ्या खोलीत नळीच्या आत छोटा दिवा सोडून एकेक की हलकेच मिटावी. पॅडच्या कडेने उजेड दिसला, तर पॅड बदलण्याचा खर्च धरूनच भाव बोलावा.